शर्यत संपल्यावरचं गाणं



अध्यक्षाने आधी आभार मानायचे असतात. ते मानले असं समजा, कारण तुमच्यातल्या निम्म्या जणांना अंधार पडायच्या आत चांदसैलीचा घाट चढायचा आहे.

काठीची राजवाडी होळी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. नवस केलेले बावा, बुध्या कमरेला भोपळे-घुंगरू बांधून रात्रभर नाचतात आणि पहाटे होळी पेटते. एका वर्षी उजाडता उजाडता मी अशाच एका बुध्याला विचारून त्याचं मनगट धरलं. खेळाच्या मास्तरची खोड, दुसरं काय! माझी बोटं राखेने भरली. नाडी ढोलाशी शर्यत लावत होती. मग तो जरा लांब, महूच्या झाडाखाली जाऊन बसला. तिथे एक म्हातारा पावा वाजवत होता. थोड्या वेळाने तोही थांबला. ठोके उतरत गेले, ते मी मोजत राहिलो. श्रेय पाव्याचं की नुसत्या बसण्याचं? एका मनगटावरून ते ठरत नाही.

ठरवायचा प्रयत्न बंगळुरूच्या संशोधकांनी केला. २०१० साली छापलेल्या त्यांच्या अभ्यासात, व्यायामानंतर संथ संगीत ऐकणाऱ्या तरुणांची नाडी आणि रक्तदाब लवकर ताळ्यावर आले. श्रम थांबले की हृदयाला लगाम घालायचं काम व्हेगस मज्जातंतूचं. संथ लय त्याला हात देत असावी. इटलीतल्या बर्नार्डींचा २००६ चा प्रयोग मला जास्त आवडतो. त्यात व्यायाम नव्हता, नुसतं ऐकणं होतं, आणि ऐकवलेल्या संगीतात आपला एक रागही होता. सर्वांत खोल विसावा सापडला तो दोन तुकड्यांमधल्या दोन मिनिटांच्या शांततेत. म्हातारा पावा खाली ठेवतो, ती वेळ!

आता उलटा दाखला. इस्रायलमध्ये २०१२ साली जोरदार धावण्यानंतर तरुणांना जलद ठेक्याचं संगीत ऐकवलं, तर रक्तातलं लॅक्टेट लवकर उतरलं. मात्र त्या ठेक्यावर ही मुलं जास्त पावलं चालली होती. म्हणजे काम पायांनी केलं, गाण्याने त्यांना बसू दिलं नाही. म्हणून माझा हिशेब साधा आहे: रेषा ओलांडल्यावर पोराला चालतं ठेवायचं तेवढा वेळ ठेका चालेल, नंतर संथ, मग काहीच नाही.

आपण करतो काय? आश्रमशाळेचं पोर शर्यत संपवून गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत असतं आणि त्याच्या कानाशी डीजेचा कर्णा आदळत असतो. वर पुढच्या शर्यतीची घोषणा.

एक गोष्ट मात्र गाण्याच्या पलीकडची. आपल्या भिल्ल, पावरा मुलांत सिकलसेल आहे. अशा मुलाला उन्हात दमवणं आणि पाण्याविना ठेवणं जिवावर बेतू शकतं. तिथे पावा कामाचा नाही. पाणी, सावली आणि डॉक्टर लागतो. मुलांची सिकलसेल तपासणी झाली आहे का, हे मैदानावर उतरण्याआधी विचारा.

येत्या तालुका स्पर्धांत शेवटच्या रेषेजवळचा कर्णा काढा आणि तिथे पाण्याचा हंडा ठेवा. शर्यत संपताच आणि नंतर दर मिनिटाला नाडी मोजा. काही दिवस पावा लावून, काही दिवस न लावता. आकडे वहीत लिहा आणि पुढच्या वर्षी ती वही घेऊन या.