कॅमेऱ्याची चावी कोणाकडे?

(अमरावती येथे बायकांच्या गटांतील कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला भाषणाची सवय नाही. मी शिडीवर चढून काम करणारी बाई आहे. आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्सचा ट्रेड केला. गेली अठरा वर्षं अमरावती आणि अकोल्यात चोरघंट्या, सीसीटीव्ही कॅमेरे आणि बोट लावून उघडणारी दारं बसवते, बिघडली की दुरुस्त करते. बडनेऱ्याला गाडी पकडायची, मूर्तिजापूर, अकोला, संध्याकाळी परत. सुरुवातीला लोक दार उघडून माझ्या मागे बघायचे. 'मिस्तरी कुठी हाय?' 'मीच' म्हटलं की पोराला शिडी धरायला उभं करायचे. आता ते कमी झालं आहे.

एक गोष्ट आधी सांगते, कारण तिचं ओझं माझ्या मनावर आहे. दहा-बारा वर्षं झाली. अकोल्यात एका घरी चार कॅमेरे बसवायचे होते. फाटक, अंगण, जिना आणि चौथा स्वयंपाकघरात, सोबत माइक. घरमालक म्हणाले, गॅस चालू राहतो, लक्ष ठेवायला बरं. मी बसवला. चहा घेऊन आलेल्या सुनेनं हळूच विचारलं, 'ताई, याच्यात आवाजही जाते का वो?' मी म्हटलं, 'जातो.' तिनं पदर सारखा केला आणि आत गेली.

पाच-सहा महिन्यांनी फोन आला, चौथं चित्र दिसत नाही. अशा वेळी आम्ही आधी वीज तपासतो, कॅमेऱ्यापाशी बारा व्होल्ट येतात की नाही. येत नव्हते. मग केबल चाचपत गेले. फ्रिजच्या मागे ती तुटलेली होती. उंदीर कुरतडतो तेव्हा आवरण ओबडधोबड होतं, दातांच्या खुणा राहतात. हा काप सरळ होता, विळीचा. सून ओट्यापाशी कणीक मळत होती. वर बघत नव्हती. मालकांनी विचारलं, 'काय झालं?' मी म्हटलं, 'उंदीर.'

एवढंच केलं मी तिच्यासाठी. नंतर केबल जोडली, चित्र आलेलं दाखवलं, तीनशे रुपये घेतले आणि गाडी पकडली. त्या तीनशे रुपयांचा हिशेब मला अजून लागत नाही. म्हणून आज बोलायला उभी राहिले.

कॅमेरा बायकांच्या सुरक्षिततेसाठी असतो असं सगळे म्हणतात. आपणही वस्तीत, कॉलेजच्या रस्त्यावर कॅमेरे लावा म्हणून निवेदनं देतो. मी त्याविरुद्ध नाही, माझं पोट त्यावर आहे. पण यंत्र स्वतः कोणाची राखण करत नाही. मे महिन्यात आपल्याकडे भिंतीच माणसाच्या अंगाइतक्या तापतात, तेव्हा अंगाची ऊब ओळखणारी चोरघंटीसुद्धा माणूस ओळखायला चुकते. कॅमेऱ्यानं पाहिलेलं डीव्हीआर नावाच्या डब्यात साठतं. डबा ज्याच्या कपाटात आणि पासवर्ड ज्याच्या हातात, खरा पाहणारा तो. घरात तो सासरा किंवा नवरा असतो, दुकानात मालक, ठाण्यात ठाणेदार.

कधी पाहणारा भलताच निघतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातलं बायकांच्या तपासणीचं चित्रण इंटरनेटवर विकलं जात असल्याचं उघड झालं. कॅमेरे बाहेरून फोडले होते. पकडलेल्यांत लातूर-सांगलीकडचेही होते. पण माझा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. तपासणीच्या खोलीत कॅमेरा लावलाच कसा? लावणाऱ्या मिस्तरीनं, डॉक्टरनं, परिचारिकेनं, कोणीच कसं नाही म्हटलं नाही? मी तरी स्वयंपाकघरात कुठे नाही म्हटलं होतं!

कायदा काय म्हणतो तेही सांगते. बाई कपडे बदलत असताना, न्हाणीघरात असताना तिला चोरून पाहणं किंवा तिचं चित्रण करणं हा २०१३ पासून गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ मध्ये आहे. पहिल्याच गुन्ह्याला किमान एक वर्षाची कैद. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-ई वेगळं. पण अंगभर लुगडं नेसून कणीक मळणाऱ्या बाईवर दिवसभर रोखलेला कॅमेरा या कलमांत बसत नाही. तिथे २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा हाताशी घ्यावा लागतो, कारण त्यात मानसिक छळ येतो. आपल्याकडे बाई अर्ज लिहायला आली की आपण मारहाण विचारतो, हुंडा विचारतो. आता हेही विचारा: घरात कॅमेरा आहे का, कुठे तोंड करून आहे, आवाज जातो का, तुझ्या मोबाइलवर दिसतो का.

दुसरी बाजू पुराव्याची. कामाच्या जागी छळ झाला तर २०१३ च्या कायद्यानं तक्रारीला तीन महिन्यांची मुदत दिली आहे. पण डीव्हीआरची डिस्क भरली की जुनं पुसून त्यावर नवं चढतं. लहान दुकानात, कचेरीत मला पंधरा दिवस ते महिन्याभराचंच चित्रण सापडतं. म्हणजे बाई धीर गोळा करते तोवर पुरावा आपोआप पुसला गेलेला असतो, कोणी हातही न लावता. म्हणून तक्रार नंतर करायची असली तरी चित्रण जपून ठेवण्याचा लेखी अर्ज त्याच दिवशी द्या. तारीख, वेळ, कोणता कॅमेरा ते लिहा आणि पोच घ्या.

डब्यातलं घड्याळही पाहून घ्या. आत नाण्याएवढा एक सेल असतो. तो संपला की वीज गेल्याबरोबर तारीख हरवते आणि चित्रावर भलतंच साल येतं. समोरचा वकील तेवढंच धरून बसतो. सेल स्वस्त असतो, पण कोणी बदलत नाही. आणि प्रत काढून घेतली म्हणजे काम झालं असं समजू नका. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत आला की नाही, हा वाद निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतल्या चित्रणावर आला. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल. सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२० मध्ये सांगितलं की मूळ यंत्रच कोर्टात आणलं नसेल तर प्रतीसोबत कायद्यानं ठरवलेलं प्रमाणपत्र हवंच. आता ते भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली घ्यावं लागतं. ते मिळवण्याची खटपट पहिल्या दिवसापासून करा.

आता ठाण्याविषयी. आपली चळवळ ज्या प्रकरणानं पेटली ते आपल्याच विदर्भातलं. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरेवर बलात्कार झाला आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोन्ही पोलिसांना सोडलं. तिथे कॅमेरा असता तर, असा विचार माझ्या धंद्यातल्या बाईच्या मनात येणारच. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं परमवीर सिंग सैनी प्रकरणात प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावण्याचा आदेश दिला. येण्याजाण्याची दारं, कोठडी, बोळ, खोल्या, कोणताही भाग सुटू नये. रात्री दिसावं, आवाज यावा, चित्रण अठरा महिने आणि ते शक्यच नसेल तर किमान एक वर्ष राहावं, दर्शनी भागात स्थानिक भाषेत फलक असावा. तरी २०२५ मध्ये बंद कॅमेऱ्यांची दखल त्याच न्यायालयाला स्वतःहून घ्यावी लागली. ज्याच्यावर नजर ठेवायची त्याच्याच हाती बटण असलं की असं होतं. म्हणून बाईसोबत ठाण्यात जाल तेव्हा घड्याळ बघून वेळ लिहा, फलक आहे का बघा, कॅमेरे मोजा. रात्री बहुतेक कॅमेऱ्यांच्या काचेभोवती मंद लाल ठिपके दिसतात. नसतील तर तेही लिहून ठेवा.

दारांचंही तेच. बोट लावून हजेरी घेणाऱ्या यंत्रापुढे कापूस वेचणाऱ्या, जिनिंगमध्ये राबणाऱ्या, भांडी घासणाऱ्या बायांचे ठसे उमटत नाहीत. कामानं बोटं झिजलेली असतात. यंत्र म्हणतं ही बाई आलीच नाही, आणि रोजी कापली जाते. तिथे कार्डाची सोय मागा, ती त्याच यंत्रात बहुधा असते. मुलींच्या एका वसतिगृहात चुंबकी कुलूप बसवायला गेले होते. हे कुलूप विजेवर धरून राहतं, वीज तुटली की सुटतं. आग लागली तर मुली बाहेर पडाव्यात म्हणून आतून एक बटणही लावतात. तिथल्या बाई म्हणाल्या, आतलं बटण नको, आणि वीज गेली तरी सुटू नये अशी बॅटरी द्या. मी काम सोडून आले. घरी हिशेब केला तर महिन्याचं भाडं गेलं होतं. पण या वेळी झोप लागली.

आता माझे नियम ठरलेले आहेत. स्वयंपाकघर, झोपायची खोली, कपडे बदलायची जागा, तिथे कॅमेरा बसवत नाही. घरात बसवला तर पासवर्ड घरातल्या बाईलाही देते, तिच्या मोबाइलवर चित्र सुरू करून देते, तेही सगळ्यांसमोर. काही गिऱ्हाइकं तुटली. ती दुसऱ्याकडे जातात आणि दुसरा बसवून देतो, हे मला माहीत आहे. एकटीच्या नियमानं हे थांबणार नाही.

म्हणून एक मागणं आहे. प्रत्येक गटातल्या दोघींनी हे काम समजून घ्यावं: डबा कुठे असतो, तारीख कशी बघायची, चित्रण कसं काढायचं, पासवर्ड कसा बदलायचा. दोन रविवार पुरतात. मी शिकवायला तयार आहे, अमरावतीत किंवा अकोल्यात, पैसे नकोत. शिडी तेवढी तुमची तुम्ही आणा, माझी गाडीत मावत नाही.