पाळण्यातले पाय आणि खुब्याची वाटी



सांध्यांची झीज म्हटली की आपल्याकडे गुडघाच आठवतो. ते स्वाभाविकही आहे. खुब्याची झीज भारतात युरोपाच्या मानाने कमीच आढळते. पण ज्याच्या वाट्याला ती येते, त्याचे मांडी घालून बसणे संपते, पायातला जोडा घालणेही परस्वाधीन होते. दोष बहुधा वयाला आणि वजनाला दिला जातो. हाडाच्या घडणीकडे मात्र क्वचितच कोणाचे लक्ष जाते.

खुबा हा उखळीचा सांधा. मांडीच्या हाडाचा गोल माथा कटीच्या हाडातील वाटीत फिरतो आणि दोहोंवर कूर्चेचे गुळगुळीत अस्तर असते. वाटी उथळ असली की माथा पुरता झाकला जात नाही. सारा भार कूर्चेच्या लहानशा भागावर एकवटतो आणि ती अकाली झिजते. स्वीडनच्या विबर्ग यांनी १९३९ मध्येच हे आच्छादन क्ष-किरण चित्रावर कोनात मोजले. कोन २० अंशांहून कमी भरला, तर वाटी उथळ समजतात. दुसरी घडण निराळी. माथा जेथे मानेला मिळतो तेथे हाडाचा उंचवटा असतो. मांडी पोटाशी घेताना तो वाटीच्या कडेवर आदळतो. बर्नचे शल्यविशारद राइनहोल्ट गांझ आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये झिजेची ही मीमांसा मांडली. वाढीच्या वयात जोरकस खेळ खेळणाऱ्या मुलांत हा उंचवटा अधिक दिसतो. तेवढ्यावरून कोणी मुलांना मैदानातून घरी आणू नये. उंचवटा असलेल्या बहुतेकांना पुढे झीज होत नाही.

उथळ वाटीबाबत मात्र मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, ही म्हण अक्षरशः खरी ठरते. नवजात बाळाची वाटी बरीचशी कूर्चेचीच असते. मांड्या फाकलेल्या राहिल्या, म्हणजे माथा वाटीत नीट बसून तिला खोली देतो. जपानमध्ये बाळाचे पाय सरळ ताणून गुंडाळीत. १९७५ च्या सुमारास तेथील डॉक्टरांनी त्याविरुद्ध देशव्यापी मोहीम काढली आणि खुबा निखळलेल्या बाळांचे प्रमाण झपाट्याने घटले.

मराठी घरांत दोन रीती शेजारी नांदतात. मूल कडेवर घेण्याची रीत खुब्याला पोषक, कारण त्यात मांड्या आपोआप फाकतात. पाय सरळ करून दुपट्यात करकचून बांधण्याची रीत घातक. दोन्ही आजीकडूनच आलेल्या, पण पहिली जपावी आणि दुसरी निःसंकोच सोडावी. दुपटे हवेच असेल, तर ते छातीशी घट्ट आणि पायांशी सैल असावे.

लंगोट बदलताना एक मांडी दुसरीइतकी फाकत नसेल किंवा गुडघे खालीवर दिसत असतील, तर अस्थितज्ज्ञाला दाखवावे. पहिल्या सहा महिन्यांत पट्ट्यांच्या साध्या साधनानेही खुबा बहुधा जागी बसतो. चालू लागल्यावर शस्त्रक्रियेखेरीज गत्यंतर उरत नाही, असे पुष्कळदा घडते.

घराण्यात हा दोष असेल, तर अधिक सावध राहावे. मुलींत तो मुलांपेक्षा अधिक आढळतो, आणि पायाळू बाळांतही. पायाळूची लाथ बसली की उसण जाते, असा समज खेडोपाडी आहे. इतरांची कंबर बरी करण्याचे काम त्या बाळाकडे सोपविण्याआधी, सहाव्या आठवड्याच्या सुमारास त्याच्याच खुब्यांची सोनोग्राफी करून घ्यावी, वरकरणी सारे ठीक दिसत असले तरीही.