वर्गणी : ऑपरेशनपुरती नव्हे



जत्रेची वर्गणी कशी गोळा करावी, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. पावतीपुस्तक निघते, पाच-सात जण घरोघर फिरतात आणि जत्रा उरकली की देवळात बसून पै-पैचा हिशेब वाचला जातो. पण गावातल्या एखाद्याची फुप्फुसे निकामी झाली आणि ती बदलण्यावाचून इलाज नाही असे डॉक्टरांनी सांगितले, तर? खर्च वीस-पंचवीस लाखांच्या पुढे जातो. आकडा ऐकूनच घरची माणसे मटकन खाली बसतात. मग वर्गणी निघते. तीविषयीच आज चार शब्द सांगणार आहे. ते मी चुकून शिकलो आहे.

माझ्या एका माजी विद्यार्थ्यासाठी आम्ही अशी वर्गणी काढली. शेतकऱ्यांनी दिली, बचतगटाच्या बायकांनी दिली, शिक्षकांनी एक दिवसाचा पगार दिला. ऑपरेशन पार पडले, गावात पेढे वाटले. चौथ्या महिन्यात त्याचे वडील माझ्या दारात उभे. "सर, औषधं संपत आली." मी पुन्हा पावतीपुस्तक घेऊन निघालो, तर लोक म्हणाले, "ऑपरेशन झालं ना? मग आता कसली वर्गणी?" त्यांचे काय चुकले? आम्हीच त्यांना सांगितले नव्हते.

मंडळी, शरीर परके फुप्फुस सहजासहजी आपले मानत नाही, त्याच्यावर उलटते. ते उलटू नये म्हणून रोज औषधे घ्यावी लागतात, तीही जन्मभर. ऑपरेशनच्या आधीही खर्च असतोच. काढलेले फुप्फुस काही तासच टिकते; म्हणून बोलावणे येताच पोहोचता यावे यासाठी रोग्याला इस्पितळाजवळ खोली घेऊन राहावे लागते. ही वाट पाहणे कधी महिनोन्‌महिने चालते.

तेव्हा पहिल्याच बैठकीत पैशाचे तीन वाटे करा : आधीचा, ऑपरेशनचा आणि नंतरचा. इस्पितळाकडून खर्चाचा अंदाज लेखी घ्या. गावात फिरण्यापूर्वी मुख्यमंत्री सहायता निधीकडे अर्ज करा. आपल्या राज्यात धर्मादाय इस्पितळांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात; त्याची चौकशी करा. बँकेतले खाते दोघातिघांच्या सहीचे असू द्या आणि ऑपरेशनचा पैसा थेट इस्पितळाकडे भरा. जागा मिळण्याआधीच रोगी दगावला, तर उरलेल्या पैशाचे काय करायचे, हेही आधीच लिहून ठेवा. बोलायला जड जाते खरे, पण मागाहून होणारी कुरबुर त्याहून जड असते.

आणि एक गोष्ट घरोघर सांगा. हा पैसा फुप्फुसाची किंमत नव्हे. १९९४ च्या कायद्याने अवयवांची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे. फुप्फुस येते ते बहुधा मेंदू मृत झालेल्या माणसाच्या घरच्यांनी, दुःखाच्या त्या घटकेला, दिलेल्या दानातून. आपला पैसा इस्पितळाचा, औषधाचा आणि राहण्याचा.

त्या मुलाचे पुढे काय झाले, म्हणाल? दूधसंस्था, भजनी मंडळ, तालीम, बचतगट, शाळा अशा बारा मंडळींनी वर्षाचा एकेक महिना वाटून घेतला. औषध त्या महिन्याच्या मानकऱ्याने आणायचे. आमच्या शाळेकडे आषाढ आहे. हे पहिल्याच दिवशी ठरले असते, तर त्या बापाला माझ्या दारात उभे राहावे लागले नसते.