कांचेंतील समुद्र आणि वैशाखाचें ऊन



ज्या घरांत माठ आहे त्या घराला बाष्पीभवन म्हणजे काय हें शिकवावें लागत नाहीं. चैत्र सरत आला कीं स्वयंपाकघराच्या कोपऱ्यांत तिवईवर माठ येतो, त्याच्या अंगावर ओलें फडकें गुंडाळलें जातें, आणि बाहेर रस्ता भाजून निघत असतांना आंतलें पाणी गार राहतें. मडक्याच्या सूक्ष्म छिद्रांतून पाझरलेलें पाणी वाफ होऊन उडून जातें, आणि जातांना मागें राहिलेल्या पाण्याची उष्णता बरोबर नेतें. त्याच घराच्या दिवाणखान्यांत दुसरें एक पाण्याचें भांडें असलें, कांचेचें, खाऱ्या पाण्याचें, रंगीत माशांनीं आणि समुद्रफुलांनीं शोभणारें, तर त्याची अवस्था नेमकी उलट असते. कांचेला छिद्रें नाहींत. वर झांकण असतें, झांकणावर दिवे असतात, आणि आंत अहोरात्र पंप फिरत असतो. माठ पाण्याची उष्णता बाहेर घालवितो. ही पेटी ती आंत सांठवून ठेवते.

ह्या पेटीला सागरी मत्स्यालय म्हणतात. प्रवाळखडकाचा एक लहानसा तुकडा घरांत नांदवावा, ही त्यामागील हौस. ती हौस आजकालची नव्हे. १८३२ सालीं सिसिली बेटावर झान विलप्रो-पॉवर ह्या विदुषीनें समुद्रजीवांच्या निरीक्षणासाठीं कांचेच्या पेट्या करविल्या. १८५३ सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत मत्स्यगृह उघडलें. पुढें जकार्ता येथील ली चिन एंग ह्या गृहस्थांनीं जिवंत खडक आणि हवेचे बुडबुडे एवढ्याच सामुग्रीवर उष्ण देशांत सागरी पेटी चालवून दाखविली. त्यांची रीत १९६१ सालीं प्रसिद्ध झाली. आतां ही हौस मुंबई-पुण्याच्या घरांतहि आली आहे. मात्र येथें एक गोष्ट आधींच ध्यानांत ठेवावयास हवी. खडक बांधणाऱ्या सर्व पोवळ्यांना भारतांत वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ ह्याचें संरक्षण आहे. तीं समुद्रांतून काढणें किंवा त्यांचा व्यापार करणें हा गुन्हा होय. म्हणून येथील पेटींतला खडक भाजलेल्या मातीचा वा सिमेंटचा असावा, आणि त्यावर कायद्यानें मोकळे असलेलेच जीव ठेवावेत.

समुद्रांतील जीवाला उष्णतेची भीति कां, असा प्रश्न सहज पडतो. कारण हे जीव मूळचे उष्ण कटिबंधांतलेच. परंतु समुद्र उष्ण असला तरी तो चंचल नाहीं. त्याचें पाणी इतकें अफाट आहे कीं दिवसभराच्या उन्हानेंहि त्याचें उष्णमान फारसें हलत नाहीं. दोनशें लिटरची पेटी दुपारच्या चार तासांत दोन-तीन अंश सहज चढते. अशा पेटीचें पाणी २४ ते २७ अंश सेंटिग्रेडच्या दरम्यान असावें. २८ अंशांला सावध व्हावें, आणि ३० अंशांच्या वर पारा गेला कीं संकट दारांत उभें आहे असें समजावें.

हें संकट दुहेरी असतें. पहिली गोष्ट श्वासाची. पाणी जसजसें तापतें तसतसा त्यांत विरघळणारा प्राणवायु कमी होतो. २५ अंशांवर एक लिटर समुद्रजलांत सुमारें ६.७ मिलिग्रॅम प्राणवायु मावतो. ३० अंशांवर तो सुमारें ६.२ मिलिग्रॅमवर येतो. हा फरक किरकोळ वाटेल. परंतु त्याच वेळीं उष्णतेनें माशाच्या शरीराचे व्यापार वाढतात आणि त्याला अधिक प्राणवायु लागतो. धान्य कमी आणि भूक मोठी, अशांतला हा प्रकार आहे. त्यांत रात्र वाईट. दिवसा प्रकाशांत शेवाळ प्राणवायु निर्माण करतें. रात्रीं तेंच शेवाळ तो वापरूं लागतें. म्हणून पहांटेच्या सुमारास पेटींत प्राणवायु सर्वांत कमी असतो. संध्याकाळीं ठीक दिसणारा मासा सकाळीं पृष्ठभागाशीं तोंड लावून धापा टाकतांना आढळतो, त्याचें कारण हें.

दुसरी गोष्ट पोवळ्यांची आणि समुद्रफुलांची. ह्यांच्यापैकीं अनेकांच्या अंगांत अतिसूक्ष्म शेवाळ राहतें. तें प्रकाशावर अन्न तयार करतें आणि आपल्या यजमानाला त्यांतला मोठा वांटा देतें; यजमान त्याला आसरा देतो. पाणी नेहमींच्या मानानें एखाद-दुसरा अंशच अधिक, पण दीर्घकाळ तापलें, आणि वर प्रखर प्रकाश पडत राहिला, तर ह्या शेवाळाचा कारभार बिघडतो आणि त्यांतून विषारी द्रव्यें निर्माण होऊं लागतात. मग यजमान त्याला बाहेर घालवितो. रंग जातो, आणि रंगाबरोबर अन्नहि जातें. लक्षद्वीपच्या प्रवाळखडकांवर १९९८, २०१० आणि २०१६ सालीं असेंच झालें. पोवळीं पांढरीं पडलीं आणि पुष्कळशीं मेलीं. तेथें समुद्रावर पंखा लावणें कोणाच्या हातीं नव्हतें. घरच्या पेटीवर तो लावणें मात्र हातांत आहे.

तरीहि चूक होते, आणि ती बहुधा प्रेमापोटीं होते. पुण्यांतील एका गृहस्थांची गोष्ट पहावी. त्यांच्या पेटींत विदूषक माशांची एक जोडी आणि एक समुद्रफूल होतें. वैशाखांत ते सहकुटुंब तीन दिवस लग्नास गेले. चोरांच्या भयानें खिडक्या लावल्या, खोलींतला पंखा बंद केला. दिवे आणि पंप तेवढे चालू ठेवले. परत आले तेव्हां उष्णतामापकांत ३२ अंश होते. समुद्रफूल आकसून लोंबत होतें. मासे वर येऊन धापा टाकीत होते, पण जिवंत होते. गृहस्थ घाबरले. शीतकपाटांतला होता नव्हता तो सारा बर्फ त्यांनीं पाण्यांत ओतला, शेजाऱ्यांकडचाहि मागून आणला. थोडक्या वेळांत पाणी पांच अंशांनीं उतरलें. आणि तीन दिवसांची उष्णता ज्यांनीं सोसली होती त्यांतला एक मासा त्याच संध्याकाळीं मेला. उष्णता हळूहळू चढली होती, तिच्याशीं शरीर कसेंबसें जुळवून घेत होतें. थंडी एकदम आली. शिवाय बर्फ नळाच्या पाण्याचा होता. त्यांतलें क्लोरिन पेटींत उतरलें, आणि पाण्याचा खारटपणाहि बदलला. उपाय केला नसता तर मासा वांचलाच असता असें नव्हे. परंतु उपायांचा क्रम चुकला हें खरें.

तो क्रम असा असावा. प्रथम श्वास द्यावा, मग नवी उष्णता थांबवावी, आणि शेवटीं असलेली उष्णता सावकाश बाहेर काढावी.

श्वास देणें सोपें आहे. हवेचा लहान पंप लावून बुडबुडे सोडावेत, अथवा पंपाचें तोंड वर वळवून पाण्याचा पृष्ठभाग खळबळता ठेवावा. माशांचें खाणें त्या दिवशीं निम्म्यावर आणावें; कारण न खाल्लेलें अन्न कुजतांना प्राणवायु खातें. वीज गेली तरी चालेल असा, बॅटरीवरचा हवेचा पंप घरांत असावाच. वीज जाण्याची वेळ आणि उन्हाची वेळ पुष्कळदां एकच असते.

नवी उष्णता थांबविणें म्हणजे झांकण काढणें, पडदे ओढणें आणि दिव्यांचे तास कमी करणें. झांकण काढल्यावर जाळी मात्र लावावी, नाहींतर मासा उडी मारतो. पाण्यांत बुडून चालणारा शंभर वॉटचा पंप एका तासांत दोनशें लिटर पाण्याला जवळजवळ अर्ध्या अंशाची उष्णता देतो. म्हणून गरजेपेक्षां मोठा पंप हा उन्हाळ्यांतला शत्रु होय. दिवे कमी केल्यानें दुहेरी लाभ होतो: उष्णता घटते, आणि समुद्रफुलांतल्या शेवाळावरील ताणहि घटतो. ज्यांना दिवे लावणें भागच असेल त्यांनीं ते दुपारीं न लावतां सूर्यास्तानंतर लावावेत.

आतां असलेली उष्णता बाहेर काढणें. येथें पुन्हा माठाकडे वळावें लागतें. पेटीच्या पृष्ठभागावर तिरपा वारा घालणारा एक लहान पंखा ठेवला कीं कांचेची पेटी माठासारखी वागूं लागते. दोनशें लिटरच्या पेटींतून एक लिटर पाणी वाफ होऊन गेलें तर तें जवळजवळ तीन अंशांची उष्णता घेऊन जातें. एक किलो बर्फ त्याच पेटींत वितळला तर पाणी सुमारें अर्धाच अंश उतरतें. म्हणजे वाऱ्यानें उडालेलें लिटरभर पाणी पांच किलो बर्फाला भारी आहे. पेटी भोंवतालच्या हवेंतून उष्णता घेत असतेच, म्हणून प्रत्यक्ष उतार ह्याहून कमी दिसतो. तरी तुलना खोटी ठरत नाहीं.

परंतु माठाची मर्यादा ती पंख्याचीहि मर्यादा. विदर्भांत किंवा पुण्यांत एप्रिलची हवा कोरडी असते. तेथें पंखा उत्तम काम देतो. मुंबईस वा कोंकणपट्टींत मे महिन्याची हवा आधींच वाफेनें भरलेली असते, ती आणखी वाफ घेण्यास नाखूष असते. तेथें माठहि फारसा गार होत नाहीं आणि पंखाहि अपुरा पडतो. अशा ठिकाणीं खोली वातानुकूलित करावी, नाहींतर पाणी थंड करणारें यंत्र घ्यावें. बाजारांत त्याला चिलर म्हणतात. तें यंत्र पाण्यांतली उष्णता काढून हवेंत सोडतें. म्हणून तें पेटीखालच्या बंद कपाटांत ठेवलें तर आपल्याच तोंडचा उष्ण श्वास पुन्हा घेत राहतें. त्याची गरम हवा खोलीबाहेर जाईल अशी तजवीज करावी. आणि तें मार्गशीर्षांत घ्यावें. वैशाखांत घेणें म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणें होय.

पंखा चालविणाराने आणखी एक हिशेब ठेवावा. पाणी उडतें, मीठ उडत नाहीं. रोज तीन लिटर उडालें आणि चार दिवस भर घातली नाहीं, तर दोनशें लिटरच्या पेटींत हजारीं ३५ भाग असलेलें मीठ ३७ भागांच्या वर जातें. म्हणून भर घालावी ती शुद्ध केलेल्या गोड्या पाण्याची, रोज, थोडी थोडी.

बर्फ अगदींच लागला तर तो मोकळा टाकूं नये. घट्ट बुचाच्या स्वच्छ बाटलींत पाणी गोठवून ती बाटली पेटींत तरंगत ठेवावी, आणि पाणी तासाला अर्ध्या अंशाहून अधिक उतरतांना दिसलें कीं काढून घ्यावी. उष्णतामापक सकाळीं, दुपारीं आणि रात्रीं पहावा. परगांवीं जातांना घराची किल्ली शेजाऱ्याकडे द्यावी आणि वरील क्रम कागदावर लिहून ठेवावा. त्या पुण्याच्या गृहस्थांनीं आतां तो पेटीच्या बाजूसच चिकटवून ठेवला आहे. उरलेला मासा आणि समुद्रफूल त्याखालीं नांदत आहेत.

समुद्रफूल किती जगूं शकतें ह्याची एक साक्ष इतिहासांत आहे. सर जॉन डॅलिएल ह्या स्कॉटिश निसर्गाभ्यासकानें १८२८ सालीं किनाऱ्यावरून एक समुद्रफूल घरीं आणलें आणि कांचेच्या बरणींत ठेवलें. त्याला लोक ‘आजीबाई’ म्हणूं लागले. डॅलिएल १८५१ सालीं वारले. आजीबाई मात्र इतरांच्या हातीं जगत राहिली, ती १८८७ सालापर्यंत. त्या बरणीला ना पंप होता, ना यंत्र. कोणीतरी तिचें पाणी नियमानें बदलीत होता, इतकेंच. समुद्रांतून उचललेल्या जीवाला समुद्राचें काम माणसाकडून करवून घ्यावें लागतें. आणि वैशाखांत तें काम एक दिवसहि चुकवून चालत नाहीं.