फोटोतल्या बाईला विचारलं का?

(अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतल्या महिला गटांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



विषय ऐकून काहीजणींना वाटलं असेल, फोटो शोधणं हा काय शिबिराचा विषय झाला? दारू, मजुरी, मारहाण, सातबारावरचं नाव, हे आपले प्रश्न. फोटो तर छापखान्यातला मुलगाही टाकून देतो. मला त्या मुलाबद्दलच बोलायचं आहे. तो फोटो आणतो कुठून? आणि त्या फोटोतली बाई कोण असते?

मी गटांची पत्रकं, भित्तीपत्रकं, दिनदर्शिका आणि आता फोनवर फिरवायचे मजकूर मांडून देते. मजकूर आपण चार बैठका घेऊन, शब्दाशब्दावर भांडून तयार करतो. चित्र मात्र शेवटच्या रात्री, दहा मिनिटांत शोधतो. वाचणारीची नजर आधी जाते ती चित्रावरच.

इंटरनेटवर तयार फोटोंची मोठी कोठारं आहेत. काही विकत देतात, अनस्प्लॅश, पेक्सेल्स, पिक्साबे यांसारखी काही फुकट देतात. तिथे ‘भारतीय शेतकरी’ असं शोधलं की मला बहुतेक फेटेवाला पुरुषच मिळतो. ‘खेड्यातली भारतीय स्त्री’ शोधलं की घागरा-ओढणीतली, डोक्यावर घडा घेतलेली राजस्थानी बाई येते. ‘अत्याचार’ शोधलं की कोपऱ्यात गुडघ्यात डोकं घालून बसलेली, नाहीतर हाताचा पंजा पुढे करून तोंड लपवणारी बाई. पऱ्हाटीत कमरेला झोळी बांधून कापूस वेचणारी, निंदणाला जाणारी, तहसीलीत अर्ज घेऊन उभी राहणारी आपल्याकडची बाई फार शोधावी लागते. वऱ्हाडात कापूस वेचतात त्या मुख्यतः बायाच. आपण पत्रकात लिहितो ‘बाई शेतकरी आहे’ आणि शेजारी फेटेवाल्याचा फोटो लावतो. मग आपलंच म्हणणं आपण खोडतो.

आता फुकट म्हणजे काय ते पाहू. गूगलवर दिसला म्हणून फोटो फुकट होत नाही. आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. फोटोचा हक्क तो काढणाऱ्याच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं टिकतो. रंगवलेल्या चित्राचा हक्कही तसाच चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. ३ जानेवारीला आपण सगळ्याजणी सावित्रीबाईंचं चित्र लावतो. सावित्रीबाई १८९७ साली गेल्या, पण त्यांचं चित्र एखाद्या हयात चित्रकाराने काढलेलं असेल तर त्या चित्राचा हक्क त्याच्याकडे किंवा त्याने ज्याला दिला असेल त्याच्याकडे असतो. त्याला विचारावं, त्याचं नाव छापावं. श्रमाचं मोल आपण दुसऱ्यांकडे मागतो, तर ते आपणही द्यायला हवं.

काही छायाचित्रकार आपणहून वापराची मोकळीक देतात. त्यासाठी क्रिएटिव्ह कॉमन्स नावाचे परवाने आहेत. त्यांत चार अटी येऊ शकतात : नाव द्या, पैसे कमावण्यासाठी वापरू नका, बदल करू नका, आणि बदल केलात तर तोही याच अटींवर इतरांना वापरू द्या. ‘बदल करू नका’ असं असेल तर कडा कापून फक्त चेहरा ठेवणंही टाळा. विकिमीडिया कॉमन्सवर असे मोकळे फोटो भरपूर आहेत. पी. साईनाथ यांनी २०१४ साली सुरू केलेल्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात कष्टकरी बायांचे नावागावासकट फोटो आहेत. मात्र प्रत्येक ठिकाणच्या अटी वाचूनच फोटो घ्यायचा.

पण हा सगळा परवाना फोटो काढणाऱ्याचा झाला. फोटोतल्या बाईची परवानगी ही वेगळी गोष्ट आहे. फुकट कोठारात फोटो टाकणाऱ्याने तिला विचारलं होतं की नाही, हे आपल्याला कळायला मार्ग नसतो.

अमेरिकेतली एक हकीकत सांगते. २०१३ साली न्यूयॉर्क राज्याच्या मानवी हक्क विभागाने एक जाहिरात काढली. एचआयव्ही असलेल्या माणसांनाही हक्क आहेत, असं ती सांगत होती. हेतू आपल्यासारखाच. त्यात एका तरुणीचा फोटो होता, तयार फोटोंच्या मोठ्या कंपनीकडून विकत घेतलेला. त्या तरुणीला एचआयव्ही नव्हता. फोटो दुसऱ्याच कामासाठी काढलेला होता आणि तो असा विकायला तिने संमतीपत्र दिलेलंच नव्हतं. वर्तमानपत्र उघडल्यावर ओळखीच्या माणसांनी तिला पाहिलं. ती कोर्टात गेली. सरकारने पैसे मोजून रीतसर घेतलेल्या फोटोचं हे असं झालं. आपण तर दहा मिनिटांत उचलतो! ‘नवऱ्याने टाकलेली’, ‘एड्सग्रस्त’, ‘मारहाण सोसणारी’ अशा मथळ्याखाली आपण जिचा चेहरा लावतो, तिलाही शेजारीपाजारी आहेत, सासर-माहेर आहे.

दुसरी गोष्ट त्याहून जुनी. १९३६ साली कॅलिफोर्नियात वाटाण्याच्या तोडणीला आलेल्या मजुरांच्या तळावर डोरोथिया लँग या छायाचित्रकार बाईने एका आईचा फोटो काढला. हात गालाला, दोन पोरं खांद्याला बिलगलेली. सरकारी कामासाठी काढलेला असल्याने तो कुणालाही वापरायला मोकळा होता. जगभर छापला गेला, गरिबीचं चित्रच होऊन बसला. त्या बाईचं नाव फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन. ते लोकांना कळलं १९७८ साली, बेचाळीस वर्षांनी. फोटोचा पैसा तिला मिळाला नाही आणि त्याबद्दलची नाराजी तिने बोलून दाखवली.

ही गोष्ट ऐकताना मला आपल्या जिल्ह्यांतले फोटो आठवतात. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची बायको, हातात नवऱ्याची तसबीर. मेळघाटातल्या बालमृत्यूंची देशभर चर्चा १९९३ साली झाली, तेव्हापासून मांडीवर हडकुळं लेकरू घेतलेली कोरकू आई. असे फोटो काढायला दूरदूरून माणसं आली. त्या बाईने पुढे कर्ज कसं फेडलं, शेत नावावर करायला किती हेलपाटे घातले, लेकी शिकवल्या का, याचा फोटो सहसा कुणी काढत नाही. तिचा सर्वांत वाईट दिवस तेवढा कायमचा कोठारात जाऊन बसतो.

लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत तर कायदाच आहे. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरावर बलात्कार झाला. सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडल्यावर देशभर बाया रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. पीडितेची ओळख उघड करणं हा गुन्हा ठरवणारं २२८ अ हे कलम त्या बदलातच आलं. विदर्भातल्या त्या मुलीचं नाव मात्र तोवर सगळ्यांना पाठ झालं होतं. १ जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या ७२ व्या कलमात आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की नाव छापलं नाही, पण जिच्यावरून ओळख पटेल अशी कोणतीही माहिती दिली, तरी ते चालणार नाही. म्हणून नुसता चेहरा धूसर करून भागत नाही. घराचं दार, बांगड्या, शेजारी उभी असलेली सासू, यांवरूनही गाव ओळखतं. फोनवर काढलेल्या मूळ फोटोच्या फाईलमध्ये जागा आणि वेळही नोंदलेली असू शकते.

मग करायचं काय? हल्ली संगणकाला सांगितलं की तो बाईचं चित्र बनवून देतो. त्यात कुणाची संमती लागत नाही, पण खऱ्या मोर्चाच्या बातमीला बनावट बाया लावल्या तर उद्या खऱ्या मोर्चावरही कुणी विश्वास ठेवणार नाही. अशी चित्रं वापरायचीच तर तसं खाली लिहावं.

माझी सूचना साधी आहे. प्रत्येक गटाने आपली चित्रपेटी तयार करावी. आपल्याच मुलींनी फोन घेऊन वेचणी, बचत गटाची बैठक, ग्रामसभा, भाकरी थापणं, सायकलवरून शाळेला जाणं, सगळं टिपावं. फोटो काढण्याआधी बाईला विचारावं आणि काढल्यावर तिला दाखवावा. बाया सरळ विचारतात, “हा फोटो कुठी लावान तुमी, ताई?” त्याचं नेमकं उत्तर आपल्याकडे हवं : पत्रकात, फोनवर की अमरावतीच्या चौकातल्या फलकावर, आणि कोणत्या विषयासाठी. ते मराठीत चार ओळींत लिहून, वाचून दाखवून मग सही किंवा अंगठा घ्यावा. “नंतर नको वाटलं तर सांगा, आम्ही पेटीतून काढू,” हेही लिहावं. छापलेले कागद परत येत नाहीत, हेही तिला आधीच सांगावं. तिने नाही म्हटलं तर तिची समजूत घालत बसू नये. दारूबंदीच्या सभेत पहिल्या रांगेत बसलेल्या बाईला संध्याकाळी घरी त्याच नवऱ्याकडे जायचं असतं.

एक कामाची गोष्ट : छपाईला इंचाला ३०० ठिपके लागतात. १६०० ठिपके रुंदीचा फोटो कागदावर पाच इंचांपर्यंतच नीट उमटतो. म्हणून व्हॉट्सॲपवर आकसलेला फोटो भित्तीपत्रकाला चालत नाही, मूळ फाईल जपून ठेवा. फाईलच्या नावात गाव, तारीख, काढणारीचं नाव आणि संमती आहे की नाही, एवढं लिहा.

आणि संवेदनशील विषयाला चेहरा लागतोच असं नाही. रिकामी चूल, कोर्टाच्या पायऱ्या, सातबाराचा नाव झाकलेला उतारा, किंवा आपल्यातल्याच कुणी काढलेलं रेखाचित्र पुरतं. पूर्वी आपण स्टेन्सिलवर हाताने बाया काढत होतोच की.

जेवणानंतर गटागटाने बसू. प्रत्येकीने आपलं शेवटचं पत्रक काढावं आणि त्यातल्या प्रत्येक फोटोपुढे तीन प्रश्न लिहावेत : हा कुणी काढला? यात कोण आहे? तिला विचारलं होतं का? ज्यापुढे उत्तर नसेल तो फोटो पुढच्या छपाईत घ्यायचा नाही, एवढा ठराव आज करून उठू या.