भीमाला दोषी ठरवणार कोण?



ज्या कथेतला नायक चांगला की वाईट हेच ठरवता येत नाही, ती वाचून काय मिळते, असे विद्यार्थी विचारतात. उत्तरादाखल मी एकच कथा घेतो : अण्णा भाऊ साठे यांची ‘स्मशानातील सोनं’.

वारणाकाठचा भीमा पोटासाठी मुंबईला येतो, दगडखाणीत कामाला लागतो. अंगात रग, कामाला वाघ. एके दिवशी खाण बंद पडते. घरात बायको आणि लाडकी मुलगी. स्मशानातल्या राखेत त्याला सोने सापडते. तो राख चाळू लागतो, पुढे प्रेतेच उकरू लागतो.

नीतीच्या पुस्तकात याचा निकाल एका ओळीत लागतो. पण कथा वाचताना तो तोंडातून बाहेर पडत नाही, कारण भीमा कामचुकार नाही. आधी त्याचे काम गेले, मग तो स्मशानात गेला. निकाल देण्याआधी हा क्रम पाहायला ही कथा आपल्याला भाग पाडते.

आमच्या बँकेत सोने तारणाला येते तेव्हा सोनार ते कसोटीवर घासतो. दगड फक्त अस्सलपणा सांगतो, सोने कुठून आले ते नाही. भीमाचे सोनेही बाजारात असेच खपते. मग पाप कुणाच्या खाती टाकायचे?

तरीही अण्णा भाऊ भीमाला निर्दोष सोडत नाहीत, हे मला विशेष वाटते. गरिबाचा कैवार घेणारा दुसरा एखादा लेखक इथेच थांबला असता. अण्णा भाऊ त्याला कोल्ह्यांच्या टोळीसमोर उभा करतात. एकच मढे, आणि त्यासाठी माणसाची नि जनावरांची झुंज! भीमा जिंकावा असे आपल्याला वाटते आणि तसे वाटल्याचीच भीती वाटते. (लेखकालाच काही ठरवता न आल्यामुळे झालेला गोंधळ निराळा. हल्ली त्यालाही खोल साहित्य म्हणतात!)

शेवटी प्रेताच्या जबड्यात भीमाची बोटे अडकतात. दोन बोटे कापावी लागतात. त्याच दिवशी खाण पुन्हा सुरू झाल्याचे कळते आणि हा पहिलवान गडी लहान पोरासारखा रडतो. काहीजण याला पापाची शिक्षा म्हणतात. मला ते पटत नाही. खाण ज्यांनी बंद केली, त्यांचे तर नखही दुखावत नाही.

कथा लहान आहे. विद्यार्थ्यांनी ती आपल्या घरी मोठ्याने वाचावी आणि भीमाच्या बायकोचे म्हणणे जिथे येते तिथे थोडे थांबावे.