चिकटवलेलं खेळणं कसं उघडायचं

आम्ही शिवणकाम करणाऱ्या बचत गटातल्या सहाजणी. कात्री, सुई, मशीन यांची आमच्या हाताला सवय. म्हणून गावातल्या बायका फाटक्या कपड्यांबरोबर पोरांची मोडकी खेळणीही आमच्याकडे आणू लागल्या. कुणाच्या स्पायडरमॅनचा हात निखळलेला, कुणाच्या हल्कचा पाय, कुणाच्या बाहुलीची मान. जत्रेत मिळणारे हे बाहुले बरेचदा चिकटवलेले असतात. स्क्रू काढला आणि उघडलं, असं त्यांचं नसतं. आज त्याबद्दलच बोलू या.

आधी आमची चूक सांगतो. एका मुलाचा स्पायडरमॅन आला होता. वडिलांनी मुंबईहून आणलेला. खांद्याच्या आतली खुंटी मोडली होती. आम्ही कुशीच्या फटीत स्क्रूड्रायव्हर घातला आणि जोर लावला. फट उघडली नाही, छातीच फुटली. पोरगं दारात उभं होतं. रडलं नाही. तुकडे गोळा करून खिशात भरले आणि निघून गेलं. त्या दिवशी आम्ही नियम केला: जोर लावायच्या आधी जोड ओळखायचा.

जोड ओळखायचा कसा? पहिल्यांदा स्क्रू शोधा. स्टिकरखाली, पाठीवर, तळपायाच्या छोट्या बुचाखाली तो लपलेला असतो. मग हातपाय हळूच ओढून बघा. ओढल्यावर बाहेर येऊन परत आत जात असतील तर आत इलास्टिक आहे. हे काम तर आपलंच. जुनं इलास्टिक काढा, तेवढ्याच जाडीचं नवं ओवा, घट्ट गाठ मारा.

स्क्रू नाही, इलास्टिक नाही, तर अंगाची पुढची आणि मागची वाटी एकमेकींवर बसवून चिकटवलेली असणार. दोन्ही बाजूंनी अंगठ्याने दाबत जोडाच्या रेघेवरून फिरा. जिथे रेघ जराशी उघडझाप करते, तिथला गोंद सुटलेला आहे. सुरुवात तिथूनच करायची. कुठेच नख शिरत नसेल तर दोन्ही वाट्या कारखान्यातच वितळवून एक केलेल्या असतील. तो जोड सुटत नाही, कापावाच लागतो.

आता उघडण्याकडे येऊ. मऊ, रबरासारखं डोकं किंवा हात असेल तर गरम पाणी कामाला येतं. पाणी उकळून चुलीवरून खाली उतरवा. तेवढाच भाग दोन मिनिटं बुडवा, फडक्यात धरा आणि डावीउजवीकडे हलवत सोडवा. सरळ ओढू नका, आतली खुंटी तुटते. नाही सुटलं तर पुन्हा दोन मिनिटं बुडवा. सेल किंवा आवाज असलेलं खेळणं मात्र पाण्यात घालायचं नाही. आणि हे काम चालू असताना लहान पोरं जवळ नकोत.

कडक प्लॅस्टिक असेल तर माळा ओवायचा तंगूस घ्या. सुटलेल्या जागी तो फटीत बसवा आणि करवतीसारखा सावकाश मागेपुढे ओढा. घाई केली की घासून गरम होतो आणि तुटतो. मध्ये अडला की समजायचं, आत खुंटी आहे. तिथे थांबा आणि दुसऱ्या बाजूने या. उरलेली खुंटी हॅक्सॉच्या पात्याने कापा. ब्लेड वापरलंच तर धार अंगाकडे नको आणि खेळणं हातात न धरता पाटावर फडक्यात दाबून ठेवा.

नेलपॉलिश काढायच्या पाण्याने गोंद सुटतो, असं बऱ्याच जणी सांगतात. त्यात ॲसिटोन असेल तर झटपट चिकटणारा गोंद सैल होतो, हे खरं. पण तेच ॲसिटोन कडक प्लॅस्टिकही विरघळवतं आणि रंग पुसतं. शिवाय ते भुर्रकन पेटतं. चूल, दिवा असलेल्या घरात आम्ही ते वापरत नाही.

उघडल्यावर जुना गोंद पॉलिश पेपरने घासून काढा. मोडलेल्या खुंटीच्या जागी हाताने ड्रिलचं पातं फिरवून बारीक भोक पाडा आणि तारेचा तुकडा घाला. सुई तापवून भोक पाडू नका, जळक्या प्लॅस्टिकचा धूर छातीला वाईट. तारेचं टोक कुठूनही बाहेर येता कामा नये. गोंद लावायच्या आधी सगळं कोरडंच जुळवून बघा, कारण फेविक्विक दुसरी संधी देत नाही.

फेविक्विकबद्दल शिवणाऱ्या बायांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. ते सुती कापडावर किंवा कापसावर सांडलं की एकदम तापतं, कातडी भाजू शकते. म्हणून ते मांडीवर ठेवून लावायचं नाही आणि सुती चिंधीने पुसायचं नाही. बोटं चिकटली तर ओढू नका, कोमट साबणाच्या पाण्यात भिजत ठेवा. डोळ्यात गेलं तर पापण्या ओढून उघडू नका, पाण्याने धुवा आणि दवाखाना गाठा.

नवा रंग द्यायचा तर घरात उरलेला ऑइलपेंट नको. जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि पोरं खेळणं तोंडात घालतात. केंद्र सरकारने २०१६ साली नियम केला, की घरगुती रंगात दहा लाख भागांत शिसं ९० भागांहून जास्त नको. पण जुन्या डब्यात काय आहे, ते आपल्याला दिसत नाही. मुलांसाठीचे ॲक्रिलिक रंग घ्या.

आता शेवटची आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. पण खेळणं आपण उघडलं, जोडलं, की त्या चिन्हाची हमी आपल्या दुरुस्तीला लागू होत नाही. पुढची जबाबदारी आपली. म्हणून परत देताना आम्ही विचारतो, घरात तीन वर्षांखालचं मूल आहे का? असेल तर सव्वा इंचाच्या भोकातून जाईल असा सुटा होणारा तुकडा त्या खेळण्यात चालत नाही. घशात अडकतो.

एक बाई गाणारा बाहुला घेऊन आली. पाठीवरचं सेलचं झाकण तुटलेलं. म्हणाली, "ताई, नुसतं चिकटपट्टीने लावून द्या, पोरगा दोन दिवस जेवला नाही." आत बटणासारखे चपटे सेल होते. तसला सेल पोराने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजतं. तसं झालं तर उलटी करवत बसू नका, लगेच मोठा दवाखाना गाठा. तिच्या घरात रांगणारी मुलगीही होती. आम्ही नाही म्हणालो. ती रागावली.

मग आम्ही बाहुला उघडला, सेल आणि आवाजाची डबी काढून टाकली, पोकळीत कापडाची गुंडाळी भरली आणि झाकण पक्कं चिकटवलं. पैसे घेतले नाहीत. दुसऱ्या दिवशी पोरगा बाहुला घेऊन आला आणि विचारलं, "हा गात का नाही?" आम्ही म्हटलं, "गाणं आता तूच म्हण." तो जरा वेळ घुटमळला. मग बाहुला कानाशी धरून काहीतरी गुणगुणत गेला.

तुमच्याकडेही मोडकी खेळणी असतील. काढा, धुवा, जोड तपासा. जे धोक्याचं असेल त्याला नाही म्हणा, मग समोर आपली जाऊबाई का असेना.